ऑटो डार्क वेल्डिंग हेल्मेट घेताय? स्पीड नंतर बघा, आधी डब्यावरचा चौथा आकडा बघा

भांडुपला आमचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे, खिडक्यांच्या ग्रिल, सेफ्टी डोअर, सोसायट्यांची गेटं, जिन्याचे रेलिंग असलं सगळं काम. बाबांनी सुरू केला, आता मी बघते. सध्या गाळ्यात दोन ऑटो डार्क हेल्मेट वापरात आहेत, एक इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनसोबत फुकट आलेलं आणि दुसरं मी मागच्या दिवाळीच्या आसपास नागदेवी स्ट्रीटवरून साधारण साडेसहा हजारांना घेतलेलं. दोन्ही रोज डोक्यावर चढतात त्यामुळे फरक अगदी नीट कळलाय. कंपन्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मुद्दा ब्रँडचा नाहीच, मुद्दा त्या काचेच्या आत काय चाललंय त्याचा आहे, आणि ते कळलं की कुठल्याही दुकानात कुठलंही हेल्मेट तुम्ही स्वतः पारखू शकता. ऑनलाइन जिथे बघावं तिथे एकच प्रश्न, "कुठलं घेऊ?" आणि उत्तरं दोनच, किंमत नाहीतर "एक पंचवीस हजारांश सेकंदात काळं होतं". तेवढ्यावर डोळे सोपवू नका हो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाबांनी आयुष्यभर हातात धरायची स्क्रीन वापरली, म्हणजे एका हातात होल्डर आणि दुसऱ्या हातात ती लाकडी मुठीची काळी काच, मग जॉब धरायला हातच उरत नाही. डोक्यावरच्या साध्या हेल्मेटात हात मोकळा होतो पण काच कायमची काळी, रॉड टेकवेपर्यंत काही म्हणजे काही दिसत नाही, म्हणून सगळे काय करतात, आधी उघड्या डोळ्यांनी रॉड जागेवर नेतात, मग मानेला झटका देऊन हेल्मेट पाडतात आणि आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची ती झगझगीत ठिणगी, मारतात. छोटे टाके मारताना तर झटका मारायचाही कंटाळा येतो, डोळे मिटून नाहीतर तोंड फिरवून टाका मारला जातो. मग रात्री जेवून झोपायची वेळ झाली की डोळ्यात वाळू भरल्यासारखं व्हायला लागतं, पाणी गळतं, उजेड सहन होत नाही. फ्लॅश लागला म्हणतात त्याला. डोळ्याच्या वरच्या पारदर्शक पडद्याला यूव्हीने, म्हणजे आर्कमधल्या न दिसणाऱ्या अतिनील किरणांनी, झालेली ती भाजणूक असते, आणि ती काही तासांनी जाणवते म्हणून काम चालू असताना माणसाला वाटतं काही झालंच नाही. बटाट्याच्या चकत्या ठेवून गार वाटतं एवढंच. त्रास थांबत नसेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, मेडिकलमधून कुणी सांगितलेले ड्रॉप आणून घालत बसू नका.

ऑटो डार्कमध्ये काच आधी फिकट असते, ३ किंवा ४ नंबरची शेड, सगळं दिसतं, रॉड नेमका सांध्यावर नेता येतो, आणि आर्क पेटला की ती आपोआप ९ ते १३ मधल्या तुम्ही लावलेल्या शेडवर जाते. हा शेडचा नंबर साधा सरळ चढत नाही हे लक्षात घ्या, एक नंबर वाढला की उजेड सुमारे २.७ पटीने कमी होतो. ४ ची काच साधारण ५ टक्के उजेड आत सोडते, ११ ची सोडते ०.००५ टक्के. म्हणजे ४ वरून ११ वर गेली की थेट हजारपट काळोख, तोही डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी, आणि एकही भाग न हलता. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला हे फार भारी वाटलं होतं आणि अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू. स्वीडनमध्ये ओके हॉर्नेल नावाच्या माणसाने ही आयडिया बाजारात आणली, १९८१ मध्ये स्पीडग्लास नावाने, त्याच्या आधी जगभरचे वेल्डर मानेला झटके मारत होते.

आता आत काय असतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. सगळ्यात पुढे एक फिल्टर, जो यूव्ही आणि इन्फ्रारेड कायम अडवतो, बॅटरी असो नसो, काच फिकट असो की काळी. हा फिल्टर म्हणजे खरं तुमच्या डोळ्याचं इन्शुरन्स आहे, बॅटरी संपली तर झगझगीत उजेड लागेल, डोळे दिपतील, पण चांगल्या हेल्मेटात यूव्ही तरीही अडलेलाच असतो. तो पुढे ठेवण्याचं अजून एक कारण म्हणजे यूव्हीने मागचा पोलरायझर (एकाच दिशेत थरथरणारा उजेड पुढे सोडणारी फिल्म) आणि लिक्विड क्रिस्टल दोन्ही खराब होतात, त्यामुळे तो त्यांनाही वाचवतो. त्याच्या मागे पोलरायझर, मग लिक्विड क्रिस्टलची सेल, मग पोलरायझर, बहुतेक हेल्मेटात अजून एक सेल आणि अजून एक पोलरायझर. सेल म्हणजे दोन काचा आणि मध्ये लिक्विड क्रिस्टलचा काही मायक्रॉनचा थर, केसापेक्षा कितीतरी पातळ.

लिक्विड क्रिस्टल म्हणजे वाहणारा पदार्थ पण त्याचे लांबट रेणू एका दिशेला तोंड करून राहतात. कुठल्या दिशेला, हे कोण ठरवतं? काचेचा पृष्ठभाग. काचेवर आतल्या बाजूने पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकचा अतिशय पातळ थर देतात आणि फॅक्टरीत मखमलीसारखं कापड गुंडाळलेला रोलर त्याच्यावरून एकाच दिशेने घासत नेतात. बास, एवढंच. घासल्याने त्या थराच्या साखळ्या त्या दिशेला ओढल्या जातात आणि वर ओतलेले रेणू त्यांच्या कलाने आडवे होतात. पृष्ठभाग घासला की लिक्विड क्रिस्टल त्या दिशेला लागतं हे फ्रान्सच्या मोगँने १९११ मध्येच दाखवलं होतं, म्हणजे एलसीडी घड्याळं यायच्या साठेक वर्ष आधी! आपल्या लोकलच्या डब्यासारखं आहे बघा, कडेला दांडा घट्ट धरून उभी असलेली माणसं जागची हलत नाहीत आणि मधली गर्दी त्यांच्या हिशोबाने तोंड करून उभी राहते. एक काच एका दिशेने घासलेली, दुसरी तिच्याशी कोन करून घासलेली, म्हणजे मधले रेणू एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत जिन्यासारखे वळत जातात. त्या वळणाबरोबर उजेडाचं पोलरायझेशन, म्हणजे त्याच्या थरथरण्याची दिशाही वळते आणि तो दुसऱ्या पोलरायझरमधून बाहेर पडतो, काच फिकट दिसते. शॉट आणि हेल्फ्रिश या दोघांनी १९७० च्या शेवटी हे वळणाचं डिझाईन स्वित्झर्लंडच्या बाझलला काढलं, कॅल्क्युलेटर आणि घड्याळं त्याच्यावरच चालली.

आर्क पेटला की समोरचे सेन्सर उजेड पकडतात, सर्किट सेलला व्होल्टेज देतं, रेणू आडवे होते ते उठून उजेडाच्या रेषेत उभे राहतात, वळण मोडतं, उजेड दुसऱ्या पोलरायझरवर अडतो. काळं. व्होल्टेज काढलं की परत कोण आणतं? परत पृष्ठभागच! आडवं पाडणारी दुसरी कुठलीही ताकद तिथे नसते, काचेला चिकटलेले रेणू मधल्यांना आपल्या दिशेला ओढून घेतात. म्हणून काळं व्हायला व्होल्टेजचा जोर लावून वेग वाढवता येतो, एक पंचवीस हजारांश सेकंद वगैरे जे छापतात ते हेच, पण फिकट व्हायचा वेग व्होल्टेजने वाढत नाही, तो थराच्या जाडीवर आणि लिक्विडच्या घट्टपणावर असतो आणि त्याला काही मिलिसेकंद लागतातच. मागच्या बाजूला डिलेचं बटण असतं ते याच्यावर अजून वेळ वाढवायला, रॉड विझल्यावर लाल तापलेल्या सांध्याकडे लगेच उघडी काच नको म्हणून. जाड पट्टीवर जास्त करंटने काम असेल तर डिले वाढवा, पातळ पाइपाला टाकेच टाके मारायचे असतील तर कमी करा.

आता आमच्या दोन हेल्मेटांवर येते.

फुकटवालं सरळ समोर बघून टेबलावर काम करताना अगदी ठीक आहे. मी हे प्रामाणिकपणे सांगतेय, टेबलावर ग्रिलची चौकट ठेवून ६०१३ नंबरच्या रॉडने वेल्डिंग मारताना दोन्हीतला फरक मला पहिल्या दिवशी सांगता आला नसता. फरक कळला सोसायटीच्या गेटवर. साइटवर गेट उभं करून झालं, खालच्या बिजागरीचा सांधा राहिला होता, मिस्त्री जमिनीवर एका कुशीवर आडवे, मान वाकडी, काचेच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकं बघत मारत होते. दोन टाके मारून उठून बसले. म्हणाले, "ताई, याची काच एका बाजूने उघडी राहतेय, कोपऱ्यातनं लाइट मारतोय." मी डोक्यावर घालून बघितलं. समोर ११ नंबरचा छान हिरवा काळोख, वेल्डिंगचा मणी स्पष्ट दिसतोय, आणि मान जरा डावीकडे खाली केली की त्याच काचेत वरच्या कोपऱ्यात फिकट ढगासारखा पट्टा, जणू तिथे कुणी ९ ची काच लावलीय. मान दुसरीकडे केली की तोच कोपरा उलटा इतका काळा की वितळलेलं लोखंड कुठे संपतं आणि खपली कुठे सुरू होते तेच कळेना. काचेला काहीही झालेलं नव्हतं, बॅटरी नवी, ओरखडा नाही. तिचा स्वभावच तसा.

हे का होतं तर परत पृष्ठभाग. व्होल्टेज दिल्यावर मधले रेणू उभे राहतात पण काचेला चिकटलेले उभे राहत नाहीत, ते धरलेले असतात. सरळ बघताना त्या चिकटलेल्या थरांचा परिणाम बराचसा झाकला जातो, पण उजेड तिरका आला की तो उभ्या रेणूंना पण तिरका भेटतो आणि कडेच्या थरांना पण, पोलरायझेशन थोडं वळतं आणि गळती होते. त्यात घासताना रेणूंना मुद्दाम एका बाजूने दोनतीन अंश उचललेलं ठेवतात, कारण सगळे एकदम सपाट असले तर व्होल्टेज आल्यावर काही या बाजूने उठतील काही त्या बाजूने आणि काचेवर डागच डाग दिसतील. हा कल हवाच, पण त्याच्यामुळे एक बाजू आणि दुसरी बाजू सारखी राहत नाही. मान डावीकडे आणि उजवीकडे केल्यावर वेगळं दिसतं ते त्यामुळे. महाग हेल्मेटात यावर उपाय केलेले असतात, दोन सेल अशा फिरवून लावतात की एकीची कमजोर बाजू दुसरी झाकेल, वळण ९० अंशांपेक्षा कमी ठेवतात, वर भरपाईची फिल्म लावतात. या सगळ्याचे पैसे लागतात आणि जाहिरातीत ते दाखवता येत नाही, म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरात स्पीड छापतात.

पण लहान अक्षरात ते सापडतं. युरोपच्या ईएन ३७९ स्टँडर्डमध्ये काचेला चार आकडे देतात, तिरक्या रेघा मारून लिहिलेले, १/१/१/२ असे काहीतरी. प्रत्येक आकडा १ ते ३, १ म्हणजे सगळ्यात चांगला. पहिला आकडा काचेतून चित्र वाकडं दिसतं का त्याचा, दुसरा धुरकटपणाचा, तिसरा पूर्ण काचेवर काळोख सारखा आहे का त्याचा, आणि चौथा कोनाचा, म्हणजे तिरकं बघितल्यावर शेड किती बदलते. हा चौथा नंतर २००९ च्या दुरुस्तीत जोडला गेला. माझ्या मते आपल्यासारख्या ग्रिल, गेट, रेलिंगवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच, कारण आपण टेबलावर कमी आणि जिन्याच्या वळणावर, बाल्कनीच्या बाहेर लटकून, गेटखाली झोपून जास्त काम करतो. फुकटवाल्याच्या डब्यावर शेड होती, स्पीड होता, एक गरुडाचं चित्र होतं, चार आकडे कुठेच नव्हते. जे मी घेतलं त्याच्या काचेच्याच कडेला १/१/१/२ कोरलेलं आहे. १/१/१/१ पण मिळतं, माझ्या बजेटच्या बाहेर होतं.

दुकानातला किस्सा सांगते. नागदेवीला दुपारी जाऊ नका, हातगाड्या आणि टेम्पोमधून चालायला जागा नसते, सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या जा, मशीद स्टेशनवरून चालत जवळ आहे. मी ज्या दुकानात गेले तिथल्या शेठना चौथ्या आकड्याचं विचारलं तर म्हणाले, "मॅडम, सब एक ही है, कलर पसंद करो." मी म्हटलं ठीक आहे, तीन काढून ठेवा, मीच बघते. शेड ९ वर लावली, काच काळी करून बघायचं टेस्टचं बटण दाबून धरलं आणि छताच्या मोठ्या एलईडी बल्बकडे बघत मान हळूहळू वरखाली, डावीउजवीकडे केली. एकात बल्ब एका कोपऱ्यात एकदम उजळला, दुसऱ्यात मधोमध एक आडवा पट्टा दिसला, तिसऱ्यात मान फिरवली तरी बल्ब जवळपास तसाच राहिला. तेच घेतलं. नंतर शेठनी स्वतः घालून बघितलं, एकदा हे एकदा ते, आणि मग पोराला आवाज दिला की तो पट्टावाला पीस बाजूला ठेव. माणूस चांगला होता, त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. दुकानाला माझे पूर्ण मार्क, बिल पक्कं दिलं आणि सेन्सर चालतो का बघायला स्वतःहून लायटर पेटवून दाखवला. बल्ब चालेल, पण हे असलं टेस्टिंग सूर्याकडे बघून करू नका.

अजून एक टेस्ट घरी करून बघा, मजा येते आणि आत खरंच पोलरायझर आहे ते डोळ्याने दिसतं. लॅपटॉपची पांढरी स्क्रीन लावा, हेल्मेट तिच्यासमोर धरून काचेतून बघत स्टिअरिंगसारखं गोल फिरवा. एका कोनावर स्क्रीन काळी होईल, अजून चतुर्थांश फिरवली की परत दिसेल. याच कारणाने हेल्मेटच्या आत पोलराइज्ड गॉगल घालून काम करू नका, फिकट अवस्थेतही अंधार होऊ शकतो. साधा नंबरचा चष्मा चालतो.

त्या मधल्या आडव्या पट्ट्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथेच या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. कापडाने घासणं ही पद्धत साधी आहे पण तिच्यात कटकटी आहेत, कापडाचे तंतू गळतात, धूळ बसते, स्टॅटिक करंट तयार होतो, कापडाचा एखादा भाग झिजला की त्या रेषेत घासणी कमीजास्त होते आणि तशीच रेष लिक्विड क्रिस्टलमध्ये उमटते. मग लोकांनी विचार केला, स्पर्श न करता पृष्ठभागाला दिशा देता येईल का? तर येते, उजेडाने! १९८८ मध्ये जपानच्या इचिमुरा यांच्या गटाने काचेवर अ‍ॅझोबेंझीनच्या रेणूंचा एकच थर बसवला, यूव्ही टाकला की ते रेणू वाकायचे, निळा उजेड टाकला की सरळ व्हायचे, आणि त्यांच्या हुकुमावर वरचा लिक्विड क्रिस्टलचा अख्खा जाड थर उभ्याचा आडवा आणि आडव्याचा उभा व्हायचा. एका रेणूएवढा थर हजारो रेणूंच्या थराला हलवतो! १९९१ मध्ये अमेरिकेत गिबन्स आणि सहकाऱ्यांनी पोलराइज्ड लेझरने पृष्ठभागाला दिशा दिली, रंगाचे रेणू उजेडाच्या पोलरायझेशनला काटकोनात जाऊन बसतात आणि लिक्विड क्रिस्टल त्यांच्या मागे जातं. पुढच्याच वर्षी शॉट, तोच वळणवाला, त्याच्या टीमने पोलराइज्ड यूव्हीने कडक होणारं पॉलिमर वापरून हेच कायमस्वरूपी करून दाखवलं. २००९ मध्ये शार्प कंपनीने टीव्हीच्या मोठ्या पॅनेलमध्ये यूव्हीने रेणूंचा कल ठरवायची पद्धत आणली, त्याच्या आधी कल द्यायला काचेवर बारीक उंचवटे आणि चिरा करायला लागायच्या त्या गेल्या, काळा रंग जास्त काळा झाला. वेल्डिंग काचेच्या कुठल्या डब्यावर मला ही पद्धत लिहिलेली दिसली नाही, पण कुणी तशी काच काढली तर मी रांगेत पहिली असेन, कारण पट्टा नसलेली सारखी काळी काच म्हणजे मिस्त्रींचे डोळे संध्याकाळी थकलेले नसणं. एकाच हेल्मेटात यूव्ही शत्रू पण आहे आणि काच बनवणाऱ्याचा कारागीर पण होऊ शकतो, हे मला फार गोड वाटतं.

बरं, परत हेल्मेटवर. सेन्सर किती आहेत ते मोजा. फुकटवाल्याला दोन आहेत, माझ्याला चार. दोनवाल्यात पाइपाच्या मागे हात घालून मारताना पाइपच सेन्सरच्या आड आला की काच मध्येच उघडते आणि भसकन उजेड, हे खरंच वाईट आहे, रेलिंगच्या कामात तर नेहमीचं. चारवाल्यात अजून तसं झालेलं नाही. आर्गॉन गॅसच्या वेल्डिंगवर कमी करंटला स्टीलचं काम करत असाल तर जास्त लक्ष द्या, तो आर्क मवाळ असतो आणि हलका सेन्सर त्याला आर्क मानतच नाही, सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवून दुकानात विचारून घ्या किती अँपिअरपासून पकडतो. उलट सेन्सिटिव्हिटी फार वाढवून ठेवली तर बाजूच्या गाळ्यातल्या वेल्डिंगने सुद्धा तुमची काच काळी होते, आमच्याकडे होते. ग्राइंडरचा मोड पण आहे, त्यात काच फिकटच राहते, पण ग्राइंडिंग झाल्यावर मोड परत फिरवायला विसरलात तर आर्क उघड्या काचेवर येईल, त्यामुळे आम्ही नियमच केलाय की रॉड लावायच्या आधी टेस्ट बटण एकदा दाबायचं.

मुंबईच्या हवेचं सांगायला पाहिजे. पत्र्याच्या गाळ्यात एप्रिल मे मध्ये आत घाम आणि काचेवर वाफ, दोन्ही हेल्मेटात सारखाच त्रास, यात साडेसहा हजारांनी काही फरक पडला नाही. पावसाळ्यात बॅटरीच्या पत्तीवर हिरवट गंज चढतो, बॅटरी काढून खोडरबरने पत्ती घासली की चालू होतं. टेम्पोच्या काचेजवळ डॅशबोर्डवर उन्हात हेल्मेट टाकून जेवायला जाऊ नका. लिक्विड क्रिस्टल एका ठराविक तापमानाच्या वर गेलं की रेणूंची रांगच मोडते, वळण राहत नाही आणि दोन पोलरायझरमध्ये काच आपोआप काळी पडते, बॅटरी असो नसो. थंड झालं की येते परत, पण सारखं तापवून पोलरायझर आणि चिकटवणी खराब होणार. डब्यावर चालण्याचं तापमान लिहिलेलं असतं, बहुतेकांवर ५५ डिग्रीपर्यंत, आणि बंद गाडीचा डॅशबोर्ड आपल्याकडे ते सहज ओलांडतो.

तक्रारी पण आहेत. माझ्या हेल्मेटचा डोक्याचा पट्टा भंगार आहे, मागची घट्ट करायची चावी घसरते, मिस्त्रींनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून ती बसवलीय. एवढे पैसे घेऊन पट्टा असा देणं बरोबर नाही. वजन फुकटवाल्यापेक्षा जास्त आहे, दिवसभर घातलं की मान बोलते. काचेचा रंग अजूनही हिरवट आहे, गंज आणि प्रायमर यातला फरक कळायला एकदा हेल्मेट उचलून बघावंच लागतं, नवीन मॉडेलमध्ये रंग जवळपास खरे दिसतात म्हणतात पण ते माझ्याकडे नाही म्हणून त्याच्यावर बोलत नाही. बाबांनी एकदाच घालून बघितलं, दोन टाके मारले, काच आपोआप काळी झाली तसे हसले, आणि म्हणाले, "मिस्त्रींना दे हे, मी आपली स्क्रीनच घेतो." पण परवा जिन्याच्या रेलिंगला स्वतःच मागून घेतलं.

घ्यायचं कुणी? टेबलावर सरळ बसून काम असेल, शिकत असाल, तर दीडदोन हजारांचं पण चार आकडे लिहिलेलं घ्या, चौथा २ असेल तर उत्तम, ३ असेल तर दुकानात बल्बवाली टेस्ट करून घ्या. साइटवरचं काम असेल तर चौथा १ किंवा २ च्या खाली, म्हणजे ३ वर, उतरूच नका, सेन्सर चारच पाहिजेत. आकडेच नसतील तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

आणि बाहेरच्या प्लास्टिकच्या कव्हर काचा घेताना त्याच दिवशी चारपाच एकदम घ्या. ठिणग्यांनी त्यांना खड्डे पडतात, आणि मग लोक आतली काच खराब झाली समजून हेल्मेट फेकतात. माझ्या मॉडेलची साइज नंतर शोधायला गेले तर दुकानदुकान फिरावं लागलं, शेवटी त्याच शेठनी मागवून दिल्या. थिनरने पुसू नका, प्लास्टिक पांढरं पडतं, साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड एवढं पुरे.